फेब्रुवारीतले तीनशे रुपये

महाराष्ट्रात नोकरी करणाऱ्याने आपली पगाराची स्लिप एकदा सावकाश वाचावी. प्रॉव्हिडंट फंड, इन्कम टॅक्स, आणि त्यांच्या खाली कुठेतरी ‘पीटी’, दोनशे रुपये. फेब्रुवारीत तेच तीनशे होतात, म्हणजे वर्षाचे अडीच हजार. बहुतेकांची नजर तिथे थांबत नाही. पण हा व्यवसाय कर १९७५ साली आला तो एका ठरावीक कामासाठी. खेड्यातल्या बेकार माणसाला काम देण्याच्या खर्चात शहरातल्या पगारदाराने वाटा उचलायचा आणि सरकारने तेवढीच भर घालायची, असं ठरलं होतं. या दोनशे रुपयांचा माग काढत मागे गेलं की आपण बहात्तरच्या दुष्काळापाशी पोचतो. आणि तिथे एक प्रश्न उभा असतो, ज्याने जगभरच्या अभ्यासकांना गुंतवून ठेवलं: एवढं सगळं करपून गेलं, तरी माणसं लाखांनी का मेली नाहीत?

कारण मरायला हवी होती, असंच तोवरचा हिशेब सांगत होता. १९७० पासून पाऊस ओढ देत होता आणि १९७२ साली तर त्याने पाठच फिरवली. सोलापूर, नगर, बीड, उस्मानाबाद, औरंगाबाद, सांगलीचा पूर्वभाग, सगळीकडे विहिरी तळाला गेल्या. जनावरं मिळेल त्या भावाने विकली गेली. राज्यातलं धान्याचं उत्पादन एरवीच्या जवळजवळ निम्म्यावर आलं. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात याच दख्खनच्या पठारावर आणि खाली मद्रासकडे मिळून लाखो माणसं गेली होती. धान्य नाही म्हणजे उपासमार, यात समजून घेण्यासारखं आणखी काय असणार?

बरंच काही होतं, हे अमर्त्य सेन यांनी दाखवलं. १९४३ साली बंगालमध्ये भुकेने माणसं मरत होती तेव्हा ते शांतिनिकेतनात होते, वय नऊ. दारात येणाऱ्या प्रत्येक उपाशी माणसाला सिगारेटचा एक डबा भरून तांदूळ द्यायची परवानगी आजोबांनी त्यांना दिली होती. पुढे अर्थशास्त्रज्ञ झाल्यावर त्यांनी त्या वर्षाचे आकडे तपासले आणि जे निघालं ते वाचून मी आजही थक्क होतो. १९४३ सालचा बंगालमधला धान्यसाठा १९४१ पेक्षा जास्त होता! १९४१ साली दुष्काळ नव्हता, आणि १९४३ मध्ये वीस ते तीस लाख माणसं मेली. युद्धाच्या खर्चाने तांदळाचा भाव भडकला, शेतमजुराची मजुरी होती तिथेच राहिली. कोळ्याच्या मासळीला, न्हाव्याच्या कामाला गिऱ्हाईक उरलं नाही. गुदामात तांदूळ होता, पण तो विकत घेण्याची ताकद या माणसांच्या हातातून निसटली होती. १९८१ साली आलेल्या ‘पॉव्हर्टी अँड फॅमिन्स’ या पुस्तकात सेन यांनी हे मांडलं.

आता बहात्तरकडे परत या. बंगालच्या अगदी उलटं चित्र: इथे धान्य खरोखरच कमी होतं, आणि माणसं तगली. ज्याँ द्रेझ या अर्थशास्त्रज्ञाने पुढे हे कोडं बारकाईने सोडवलं. उत्तर सापडलं ते सरकारने काढलेल्या दुष्काळी कामांवर.

ही कामं आपल्या आजी-आजोबांच्या तोंडून ऐकलेली असतात. खडी फोडायची, पाझर तलाव खणायचा, नालाबंडिंग, रस्त्याची माती. खायला सुकडी, आणि रेशनवर अमेरिकेतून आलेला तांबडा मिलो, ज्याची भाकरी कुणालाच आवडली नाही. मातीकामाची एक खूण मला फार बोलकी वाटते. खड्डा खणताना मधोमध मातीचा एक खुंट तसाच ठेवतात, डोक्यावर मूळचं गवत असलेला. मोजणीला आलेला माणूस त्या खुंटाच्या उंचीवरून खोली काढतो, लांबी-रुंदीने गुणतो आणि त्यावर मजुरी ठरते.

१९७३ च्या मे महिन्यात अशा कामांवर जवळपास पन्नास लाख माणसं होती. राज्याची ग्रामीण लोकसंख्या तेव्हा साडेतीन कोटींच्या आसपास, म्हणजे दर सातांतलं एक माणूस. आणि त्यांची निवड कुणी केली? कुणीच नाही. गरिबांची यादी नाही, दाखला नाही, सरपंचाची चिठ्ठी नाही. ज्याच्या घरी धान्य आहे तो मे महिन्याच्या उन्हात खडी फोडायला कशाला येईल? जो येतो त्याला गरज आहे, एवढाच पुरावा पुरे. द्रेझ यांना असंही आढळलं की त्या वर्षी बऱ्यापैकी जमीन असलेले शेतकरीसुद्धा घमेलं उचलायला आले होते, आणि खाण्यातली काटकसर एकट्या भूमिहीनांच्या वाट्याला न येता सगळ्या थरांत विभागली गेली. मजुरी हातात पडली तसं धान्य तिच्या मागे आलं. राज्यांच्या सीमांवर धान्यबंदी असतानाही व्यापाऱ्यांनी वाटा शोधल्या. त्याच सुमाराला आफ्रिकेतल्या साहेल पट्ट्यातही दुष्काळ होता. तिथे माणशी धान्य महाराष्ट्रापेक्षा जास्त होतं, तरीही तिथे भूकबळींची संख्या फार मोठी होती.

पण सरकारने हे का केलं? इथे मला अभ्यासकांचं उत्तर सगळ्यात जास्त भावतं: कारण लोकांनी त्याला स्वस्थ बसू दिलं नाही. कामं उघडा म्हणून तहसीलवर मोर्चे गेले, मजुरी थकली म्हणून घेराव झाले. महागाईविरुद्ध मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या मागे मुंबईच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. वर्तमानपत्रं लिहीत होती, विधिमंडळात प्रश्न विचारले जात होते. सेन यांचा प्रसिद्ध सिद्धांत हाच: वृत्तपत्रं मोकळी असतील आणि निवडणुकीत हरण्याची भीती असेल, तर सरकार मोठी उपासमार होऊ देत नाही. चीनमध्ये १९५८ ते १९६१ या काळात कोट्यवधी माणसं मेली, आणि ते छापणारं एकही वर्तमानपत्र देशात नव्हतं. आपल्याकडे हा रेटा जुना आहे. १८७७ साली ब्रिटिश अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरची मजुरी एक पौंड धान्याच्या हिशेबाने उतरवली, तेव्हा मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी काम सोडलं होतं, आणि पुण्याची सार्वजनिक सभा गावोगावच्या हकिकती गोळा करून सरकारपुढे मांडत होती.

बहात्तरने त्या रेट्याला कायद्याचं रूप दिलं. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ सालीच तासगाव तालुक्यात मागेल त्याला काम देण्याचा छोटा प्रयोग करून पाहिला होता. पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ १९७१ मध्ये गरिबीवर उपाय म्हणून सार्वजनिक कामांचाच आग्रह धरत होते. १९७७ साली रोजगार हमी कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाही दिलं तर बेकारभत्ता, दिवसाला एक रुपया. रक्कम आज वाचताना क्षुल्लक वाटते, पण तो एक रुपया मजुराला सरकारकडे हक्काने मागता येत होता. २००५ साली देशभराचा रोजगार हमी कायदा आला, त्याच्या घडणीत द्रेझ स्वतः होते.

एक गोष्ट मात्र मला अस्वस्थ करते, आणि सेन-द्रेझ यांनीही ती लपवलेली नाही. दुष्काळाची बातमी होते. वर्षानुवर्षं थोडं थोडं कमी खाणाऱ्या घराची होत नाही. मेळघाटातल्या कुपोषणाने जाणाऱ्या मुलांबद्दल आपण कित्येक वर्षं वाचतो आहोत. पन्नास लाख माणसांना कसलीही यादी न करता शोधून काढणारी ही अफाट युक्ती एका अटीवर चालते: भुकेल्या माणसाने स्वतः चालत कामावर यायला हवं. दीड वर्षाचं मूल येत नाही.