मालाडची नायिका, गोरेगावची आई

मालाडला पश्चिमेकडे उतरून रिक्षावाल्याला ‘बॉम्बे टॉकीज’ म्हटलं की तो काही न विचारता मीटर टाकतो. पत्ता त्याला पाठ असतो. सोमवार बाजाराच्या गर्दीतून वाट काढत तो एका औद्योगिक वसाहतीत आणून सोडतो. दोन्ही बाजूंना गाळे, पत्र्याची छपरं, टेम्पोत चढणारे खोके. मधूनच एखादी जुनी भिंत दिसते. आजूबाजूच्या गाळ्यांपेक्षा जाड, आणि उंचीलाही विनाकारण जास्त वाटावी अशी. मी तिथे गेलो तेव्हा एका कारागिराला विचारलं, इथे काय होतं? हातातलं काम न थांबवता तो म्हणाला, ‘‘शूटिंग व्हायचं. अशोककुमार.’’

बरोबरच सांगितलं त्याने. पण मी दुसऱ्याच एका व्यक्तीच्या शोधात तिथे गेलो होतो. अशोककुमारांसमोर याच आवारात उभी राहिलेली मराठी नायिका, लीला चिटणीस.

माझ्या पिढीला लीलाबाई माहीत आहेत त्या दूरदर्शनवरच्या रविवारच्या सिनेमातल्या. पांढरं लुगडं, डोक्यावर पदर, खोकल्याची उबळ, आणि तुरुंगातून किंवा वाईट संगतीतून मुलगा परत येण्याची वाट पाहणं. त्या दिसल्या की आमच्या घरात कुणीतरी म्हणायचंच, ‘‘आली रडकी आई.’’ मीही म्हटलेलं आहे. पुढे जुने चित्रपट नीट लक्ष देऊन पाहायला लागलो, तेव्हा या बोलण्याची लाज वाटली. तिच्या कारकिर्दीचा उत्तरार्ध तेवढा आम्ही पाहिला होता, आणि त्यावरून सगळ्या बाईचा हिशोब मांडून मोकळे झालो होतो.

बॉम्बे टॉकीज उभी राहिली 1934 साली. हिमांशू राय आणि देविकाराणी युरोपात चित्रपटाचं काम करून परतले होते. त्यांनी रीतसर लिमिटेड कंपनी काढली. संचालक मंडळावर सर चिमणलाल सेटलवाड, सर फिरोज सेठना यांच्यासारखी वजनदार माणसं होती. एफ. ई. दिनशा यांच्या मालाडच्या बंगल्याच्या आवारात स्टुडिओ आला. जर्मनीहून दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन आणि छायालेखक योसेफ विर्शिंग आले. हॉलिवूडच्या मोठ्या कंपन्यांप्रमाणे इथेही नटनट्यांपासून तंत्रज्ञांपर्यंत सगळे पगारी नोकर होते. अशोककुमार मुळात तिथल्या प्रयोगशाळेत होते. नायक पळाला म्हणून त्यांना कॅमेऱ्यासमोर उभं केलं गेलं, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे.

तेव्हाचं मालाड मुंबईत नव्हतं, हे आजच्या उपनगरकराला सांगावं लागतं. बोरिवलीपर्यंत विजेची गाडी 1928 पासून धावत होती, पण दहिसर-मुलुंडपर्यंतचा पट्टा महापालिकेच्या हद्दीत आला 1957 मध्ये. तोवर बॉम्बे टॉकीजचा कारभार आटोपलाही होता. ‘बादबान’ हा तिचा अखेरचा चित्रपट 1954 चा. म्हणजे ‘बॉम्बे’ नाव लावणाऱ्या या कंपनीचं सगळं आयुष्य मुंबईबाहेरच्या एका गावात गेलं.

या गावात मराठी मुली येऊ लागल्या. हंसा वाडकर 1939 च्या ‘नवजीवन’मध्ये नायिका होत्या, वय सोळा. स्नेहप्रभा प्रधान 1940 च्या ‘पुनर्मिलन’मध्ये आल्या. या दोघींच्या मध्ये, 1939 मध्येच, ‘कंगन’ घेऊन लीला चिटणीस आल्या, आणि आल्या त्या अशा की देविकाराणींनंतर त्या स्टुडिओचा चेहराच होऊन बसल्या.

त्यांचा जन्म 9 सप्टेंबर 1909 चा, धारवाडचा. माहेरचं आडनाव नगरकर, वडील इंग्रजीचे प्राध्यापक. लग्न डॉ. गजानन चिटणीस यांच्याशी झालं. चार मुलगे झाले, मग संसार फाटला. बी.ए. झालेली, चार मुलांची आई असलेली ब्राह्मो वळणाच्या घरातली बाई पोटासाठी रंगभूमीवर आली, ती ‘नाट्यमन्वंतर’च्या दिवसांत. तिथून सिनेमात, आणि तिथेही सुरुवात अगदी खालच्या पायरीपासून. मास्टर विनायकांच्या ‘छाया’त (1936) त्यांचं काम आहे, कथा वि. स. खांडेकरांची. ‘जंटलमन डाकू’मध्ये (1937) त्या पुरुषी पोशाखात वावरल्या. महाराष्ट्रातली पहिली पदवीधर, घरंदाज अभिनेत्री म्हणून त्यांची जाहिरात झाली. त्या काळात ‘घरंदाज’ हा शब्द तिकीटबारीवर चालायचा. 1931 मध्ये दुर्गाबाई खोट्यांनी ‘फरेबी जाल’मध्ये काम केलं तेव्हा समाजात केवढा गहजब झाला होता! लीलाबाईंच्या वेळेपर्यंत त्याच गोष्टीची पत वाढली होती.

‘कंगन’ पडद्यावर आला तेव्हा त्या तिशीच्या होत्या. घरी चार मुलगे, आणि पडद्यावर नुकतं प्रेमात पडलेली खेड्यातली मुलगी. पाहणाऱ्याला त्यात काही खटकलं नाही, आजही खटकत नाही. ‘कंगन’ तयार होत असतानाच दुसरं महायुद्ध पेटलं. ऑस्टेन आणि विर्शिंग यांना इंग्रज सरकारने स्थानबद्ध केलं, आणि 16 मे 1940 ला हिमांशू राय गेले. दिग्दर्शक गेला, मालक गेला, तरी स्टुडिओ तगला. त्याचं मोठं श्रेय मी अशोककुमार-लीला चिटणीस या जोडीला देतो. ‘कंगन’ मागून 1940 चे ‘आझाद’ आणि ‘बंधन’, मग 1941 चा ‘झूला’. कवी प्रदीपांची गाणी, सरस्वतीदेवींचं संगीत, आणि गाणं पडद्यावर जो म्हणतो त्यानेच गायचं अशी तेव्हाची रीत. लीलाबाईंचा गळा तयारीचा नव्हता, पण बोलता बोलता सहज गाण्यात शिरावं तशा त्या गातात. पुढच्या काळातल्या पार्श्वगायनाला जे कधीच जमलं नाही, ते इथे मिळतं. गाणारं माणूस आणि दिसणारं माणूस एकच आहे, हे आपल्याला कळत राहतं.

‘झूला’ मी तीनदा पाहिला आहे. लीलाबाईंचं बलस्थान त्यांच्या थांबण्यात आहे. समोरचा बोलत असताना त्या ऐकतात, आणि ते ऐकणं डोळ्यांत दिसतं. आधी शंका, मग हसू, मग ते हसू दाबणं. त्या काळच्या बहुतेक नट्या आपलं वाक्य येईपर्यंत नुसत्या उभ्या असत, कारण रंगभूमीची सवय सुटलेली नसे. डोळ्यांनी बोलणं आपण लीला चिटणीस यांच्याकडून शिकलो, असं अशोककुमार सांगत. एवढ्या मोठ्या नटाने एका सहअभिनेत्रीला असं उघडपणे गुरुपद द्यावं, याचं मोल आपण करत नाही.

याच 1941 मध्ये लक्स साबणाच्या जाहिरातीत त्या झळकल्या. तोवर हा साबण हॉलिवूडच्या तारकांच्या चेहऱ्यांवर खपत आला होता. त्या रांगेत बसणारा पहिला भारतीय चेहरा धारवाडच्या नगरकरांच्या मुलीचा होता. देविकाराणींना युरोपची पार्श्वभूमी तरी होती. लीलाबाईंकडे होती ती बी.ए.ची पदवी, मोडलेला संसार आणि मालाडची नोकरी.

मग काय झालं?

बॉम्बे टॉकीज फुटली. शशधर मुखर्जी, अशोककुमार, ज्ञान मुखर्जी, रायबहादूर चुनीलाल बाहेर पडले आणि 1943 मध्ये त्यांनी ‘फिल्मिस्तान’ काढली. कुठे? गोरेगावात, मालाडच्या अलीकडच्याच स्टेशनला. देविकाराणी 1945 मध्ये चित्रकार रोरिक यांच्याशी लग्न करून निघून गेल्या. आणि फिल्मिस्तानच्या 1948 च्या ‘शहीद’मध्ये लीला चिटणीस दिलीपकुमारांच्या आई झाल्या. वय एकोणचाळिशीच्या आतबाहेर. दिलीपकुमार त्यांच्याहून तेरा वर्षांनी लहान. मालाड ते गोरेगाव गाडीने काही मिनिटांचं अंतर. तेवढ्यात नायिकेची आई झाली, आणि पुन्हा नायिका होण्याची वाट बंद झाली.

इथे मला अशोककुमारांचा हिशोब शेजारी मांडावासा वाटतो. त्यांचा जन्म 1911 चा, म्हणजे ते लीलाबाईंपेक्षा दोन वर्षांनी लहान. 1949 मध्ये मालाडच्या त्याच बॉम्बे टॉकीजने ‘महल’ काढला. नायक अशोककुमार, वय अडतीस. नायिका मधुबाला, वय सोळा. आठ वर्षांपूर्वी त्याच स्टुडिओत त्याच नायकासमोर जी उभी होती, ती तोवर पांढऱ्या लुगड्यात गेली होती. हा अशोककुमारांचा दोष नाही, त्यांनी उत्तमच काम केलं आहे. पण धंद्याने दोघांच्या वयाला वेगवेगळी मापं लावली, ही अन्यायाची गोष्ट आहे, आणि ती तशीच म्हटली पाहिजे.

हे एका बाईपुरतं नव्हतं. अंधेरीच्या फिल्मालयाचा पहिला चित्रपट ‘दिल देके देखो’ 1959 चा. त्यात शम्मी कपूर यांची आई झाल्या सुलोचनादीदी. त्या शम्मी कपूर यांच्यापेक्षा जेमतेम तीन वर्षांनी मोठ्या होत्या. ललिता पवारांची वाट वेगळ्या कारणाने वळली. 1942 मध्ये चित्रीकरणात बसलेल्या थपडेने चेहऱ्याला अर्धांग झालं, डावा डोळा बारीक राहिला. त्यातून उठून त्यांनी ‘अनाडी’तली मिसेस डिसा केली आणि फिल्मफेअर मिळवलं. हिंदी सिनेमाला आया आणि सासवा महाराष्ट्राने पुरवल्या, असं कौतुकाने म्हटलं जातं. त्यातल्या प्रत्येकीची नायिकेची वर्षं कुठे गेली, हे कुणी विचारत नाही.

हॉलिवूड याबाबतीत काही दयाळू नव्हतं. बेट्टी डेव्हिस 1908 च्या, लीलाबाईंपेक्षा वर्षभराने मोठ्या. चित्रपटधंद्याच्या ‘व्हरायटी’ या पत्रात 1962 मध्ये त्यांनी स्वतःची ‘काम पाहिजे’ अशी जाहिरात दिली होती, तीस वर्षांचा अनुभव असल्याचं नमूद करून. पण बेट्टी डेव्हिसना 1950 मध्ये ‘ऑल अबाउट ईव्ह’ मिळाला होता. चाळिशीला आलेल्या नटीला काय भोगावं लागतं, हाच त्या चित्रपटाचा विषय. आपल्याकडे नटीच्या आयुष्यावर तशा ताकदीचा चित्रपट पाहायला ‘भूमिका’ची, म्हणजे 1977 ची वाट पाहावी लागली. तो हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावरून घेतलेला आहे. आणि हंसाबाईही मालाडच्याच, ‘नवजीवन’च्या नायिका. तो चित्रपट पाहायला त्या राहिल्या नव्हत्या. 1971 मध्येच त्या गेल्या.

आईच्या भूमिका लीलाबाईंनी वाईट केल्या असं मला मुळीच म्हणायचं नाही. ‘आवारा’ पाहा. त्यात त्या आधी न्यायाधीश रघुनाथची तरुण बायको आहेत आणि नंतर राजची आई. पोटातल्या मुलाविषयी संशय घेऊन नवरा भर पावसात घराबाहेर काढतो, तो प्रसंग नीट बघा. त्या हात जोडतात, विनवतात, पण एका क्षणी थांबतात आणि नवऱ्याकडे नुसतं पाहतात. हा आपल्याला ओळखतच नव्हता, हे त्यांना तेव्हा कळलेलं असतं. ते थांबणं ‘झूला’मधलंच आहे. दहा वर्षांत हत्यार गंजलं नव्हतं, फक्त ते कुठे वापरायचं ते दुसरे ठरवू लागले होते. ‘गंगा जमना’, ‘काला बाजार’, ‘गाइड’ या चित्रपटांतल्या आयांमध्येही तो थांबा सापडतो. दिग्दर्शकाने मागितलेलं असतं रडणं, आणि त्या रडण्याच्या अलीकडे स्वतःचं काहीतरी ठेवून जातात. 1955 मध्ये त्यांनी ‘आज की बात’ स्वतः दिग्दर्शित केला. आपल्या हातात कारभार घेण्याची धडपड त्यांनी केली होती, हेही नोंदवून ठेवलं पाहिजे.

पुढे त्या मुलांकडे अमेरिकेत गेल्या. 14 जुलै 2003 रोजी कनेक्टिकट राज्यातल्या डॅनबरीला त्यांचं निधन झालं, वय त्र्याण्णव. हॉलिवूडच्या तारकांच्या रांगेत बसलेल्या बाईची अखेर त्यांच्याच देशात झाली, पण तिथे तिला ओळखणारं कोण असणार? आणि इथे तरी?

मात्र त्यांनी आपली गोष्ट सांगून ठेवली आहे, तीही मराठीत. ‘चंदेरी दुनियेत’ हे त्यांचं आत्मचरित्र 1981 चं. शेजारी दुर्गाबाईंचं ‘मी, दुर्गा खोटे’, स्नेहप्रभाबाईंचं ‘स्नेहांकिता’, हंसाबाईंचं ‘सांगत्ये ऐका’ ठेवा. त्या काळातल्या नायिकांनी स्वतःविषयी इतकं मोकळेपणाने लिहावं, हे भाग्य मराठीला लाभलं. मालाडच्या स्टुडिओच्या भिंती पडल्या तरी तिथला काळ या पुस्तकांत शाबूत आहे, आणि तो सांगणाऱ्या बाया कुणाच्याही आई म्हणून बोलत नाहीत.

अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत, मुलुंड-घाटकोपरला राहणाऱ्या वाचकांना माझं एक सांगणं आहे. आपल्या भागातल्या सार्वजनिक वाचनालयात ‘चंदेरी दुनियेत’ मागा. नसेल तर आग्रह धरा. आणि दिवाळीच्या सुट्टीत घरच्यांना बसवून दोन चित्रपट पाठोपाठ पाहा, आधी ‘झूला’, मग ‘आवारा’. दोन्हींच्या मध्ये फक्त दहा वर्षं आहेत.