अणुघड्याळाचा कानोसा

जर्मनींतील दुकानांत ‘अणुघड्याळ’ म्हणून जें भिंतीवरचें घड्याळ विकलें जातें, त्याच्या पोटांत अणुघड्याळ नसतें. असतो तो साधा क्वार्ट्‌झचा स्फटिक आणि वेळेचा संकेत ऐकणारें एक लहानसें रेडिओ-ग्राहकयंत्र. खऱ्या अणुघड्याळांवरून ठरणारी वेळ फ्रांकफुर्टजवळील माइनफ्लिंगेन येथील डी.सी.एफ. ७७ हें केंद्र १९७३ पासून ७७.५ किलोहर्ट्‌झच्या लहरींवर पाठवीत आलें आहे. तेव्हां पैसे मोजणाऱ्यानें पारखावयाचा तो ग्राहक, तबकडीवरील नांव नव्हे.

संकेताची रीत मोठी सुबोध आहे. प्रत्येक सेकंदाच्या आरंभीं लहरीचा जोर किंचित् काळ उतरतो, ०.१ सेकंद उतरला तर शून्य, ०.२ सेकंद उतरला तर एक. मिनिटाच्या अखेरच्या सेकंदास हा उतार गाळलेला असतो, आणि त्या खुणेवरून नवें मिनिट ओळखूं येतें. शून्य व एक यांच्या ह्या मालिकेंतून तास, मिनिट, वार, तारीख सारें कळतें. पण मध्येंच गोंगाट झाला कीं सबंध मिनिट वायां जाण्याचा संभव. चांगला ग्राहक लागोपाठच्या दोन-तीन मिनिटांचे आंकडे ताडून पाहतो व मेळ बसेपर्यंत कांटे हलवीत नाहीं. हलका ग्राहक पहिल्याच ऐकीव बातमीवर विश्वास ठेवतो, आणि मग आगगाडी चुकते ती घरधन्याची!

फेराइटच्या दांडीवर गुंडाळलेली तार हा ह्या यंत्राचा कान. दांडी केंद्राच्या दिशेला आडवी असली कीं संकेत स्पष्ट येतो. तिचें टोंक तिकडे वळलें कीं ती जवळजवळ बहिरी होते. संगणकाची वेळ जुळविण्यासाठीं ग्राहक घ्यावयाचा असेल, तर दांडी लांब तारेवर, हवी तशी फिरवितां येणारी असावी. कारण संगणकाचा पडदा व विजेचीं उपकरणें ह्या लहरींच्या आसपासच कोलाहल करितात. सहस्रांश सेकंदाहूनही सूक्ष्म वेळ हवी असणाऱ्या प्रयोगशाळांनीं लहरीच्या कलेंत गुंफलेला दुसरा संकेत वाचणारें महाग यंत्र घ्यावें. स्वयंपाकघराच्या भिंतीला तें नको.

केंद्राचा आवाका सुमारें २,००० किलोमीटर. ब्रिटन व अमेरिका येथील केंद्रें ६० किलोहर्ट्‌झवर बोलतात, पण दोहोंची लिपि निराळी. मुंबईस आणलेलें जर्मन घड्याळ तर केवळ स्फटिकाच्या भरंवशावर चालतें. आणि कित्येकांत भारतीय वेळेस लागणारा अर्ध्या तासाचा फरक मांडण्याची सोयच नसते.