राष्ट्र बांधायचे, पण पैसे कोणी द्यायचे?

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान दिले. मुक्त व्यापाराचे इंग्रजी नियम सर्व देशांना सर्व काळी लागू पडतात, हे त्यांना मान्य नव्हते. आपल्या बाजूने त्यांनी अमेरिकेतील अलेक्झांडर हॅमिल्टन व हेन्री कॅरी आणि जर्मन विचारवंत फ्रेडरिख लिस्ट यांचे दाखले दिले. लिस्ट स्वतः १८२५ नंतर काही वर्षे अमेरिकेत राहिला होता आणि तिथल्या संरक्षक जकातीच्या वादात उतरला होता. आपल्या अर्थविचारात शिरलेला हा अमेरिकन धागा धरून मी मागे जात राहिलो, तेव्हा मला दिसलेले चित्र राष्ट्रवादाच्या सरळ विजयगाथेचे नव्हते.

हॅमिल्टनची कल्पना मुळात हिशेबाची होती. स्वातंत्र्ययुद्धात घटक राज्यांनी काढलेली कर्जे केंद्राने अंगावर घ्यावीत, असे त्याने १७९० मध्ये सुचवले. ज्यांचा पैसा सरकारात अडकला, ते धनिक आपोआप संघराज्याच्या टिकावाची चिंता वाहतील, हे त्यामागचे गणित होते. १७९१ मध्ये राष्ट्रीय बँक स्थापन झाली आणि त्याच वर्षी त्याने देशी कारखानदारीवरचा अहवाल मांडला. म्हणजे राष्ट्रभावना आधी आणि अर्थकारण मागाहून, असा क्रम नव्हता. एकत्र राहण्यात फायदा आहे, हे दाखवून राष्ट्र घडवायचे होते.

पण या विचाराला जोर आला तो १८१२ ते १८१४ च्या ब्रिटनविरुद्धच्या युद्धामुळे. राष्ट्रीय बँकेची सनद १८११ मध्येच संपली होती, त्यामुळे युद्धाला पैसा उभा करताना सरकारची दमछाक झाली. धड रस्ते नसल्याने सैन्य आणि रसद हलेना. राजधानीही शत्रूने जाळली. या अनुभवानंतर १८१६ मध्ये दुसरी राष्ट्रीय बँक आली आणि संरक्षक जकातीचा कायदाही आला. त्याच्या समर्थकांत दक्षिण कॅरोलिनाचा जॉन कॅल्हून आघाडीवर होता. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे.

त्या जकातीतील एक कलम आपल्याला जवळचे आहे. सुती कापडावर २५ टक्के जकात ठरली; पण वारामागे २५ सेंटांहून स्वस्त कापडाची किंमतही २५ सेंटच धरायची, अशी त्यात मेख होती. म्हणजे दहा सेंटांच्या कापडावरही सव्वासहा सेंट, प्रत्यक्षात साडेबासष्ट टक्के कर! अमेरिकेत असे स्वस्त जाडेभरडे कापड मुख्यतः हिंदुस्थानातून जात असे. मॅसॅच्युसेट्समधला गिरणीमालक फ्रान्सिस कॅबट लॉवेल याने या कलमासाठी राजधानीत खटपट केली होती. त्याच्या गिरणीतील माल नेमका याच जातीचा होता.

रस्ते-कालव्यांची कथा वेगळी. बँकेकडून सरकारला मिळणारे पंधरा लाख डॉलर त्यांवर खर्चावेत, असे विधेयक कॅल्हूनने मंजूर करून घेतले. अध्यक्ष मॅडिसन यांनी ३ मार्च १८१७ रोजी, पायउतार होण्याच्या आदल्या दिवशी, नकाराधिकार वापरला. कामे हवीत, पण राज्यघटना केंद्राला तो अधिकार देत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मग न्यूयॉर्क राज्याने स्वतःच कर्ज उभारून ३६३ मैलांचा ईरी कालवा खणला. १८२५ मध्ये तो पुरा झाला. बफेलोहून न्यूयॉर्कला टनामागे सुमारे शंभर डॉलर पडणारी वाहतूक दहा डॉलरांच्या आत आली. देश जोडणारे सर्वांत यशस्वी काम केंद्राच्या पैशाशिवाय, एका राज्याने आपल्या फायद्यासाठी केले, यातला विरोधाभास मला महत्त्वाचा वाटतो. ज्या मूळ रहिवाशांच्या भूमीतून हा कालवा गेला, त्यांना मात्र या राष्ट्रात जागा नव्हती.

मग कॅल्हूनचे काय झाले? १८२८ मध्ये जकात आणखी चढली, तेव्हा तिच्याविरुद्धचे दक्षिण कॅरोलिनाचे निवेदन त्यानेच निनावी लिहिले. १८३२ मध्ये त्या राज्याने केंद्राची जकात आपल्या हद्दीत रद्दबातल ठरवली आणि कॅल्हूनने उपाध्यक्षपद सोडले. हा केवळ माणसाचा चंचलपणा नव्हे. दक्षिणेचा कापूस ब्रिटनला जात होता. जकातीने उत्तरेच्या गिरण्या जगत होत्या आणि दक्षिणेला माल महाग पडत होता. पण जकातीच्या आड दुसरी भीती होती. उत्तर कॅरोलिनाच्या नथॅनिएल मॅकनने ती आधीच उघड बोलून दाखवली होती: केंद्राला कालवे खणता येत असतील, तर त्याला गुलामही मुक्त करता येतील. रस्त्यांवरचा वाद खरे तर गुलामगिरीवरचा होता.

गंमत अशी, की लॉवेलच्या गिरण्यांतला कापूसही गुलामांनीच वेचलेला होता. १७९० मध्ये सुमारे सात लाख असलेली गुलामांची संख्या १८३० मध्ये वीस लाखांवर गेली. उत्तर आणि दक्षिण एकाच बाजारात गुंफली जात होती. पण त्या गुंफणीनेच त्यांच्यातला तंटा वाढवला. बाजार एक झाला म्हणून मने एक होतात, हा समज या इतिहासापुढे टिकत नाही.

रानड्यांनी अमेरिकेकडून घेतलेला धडा मला आजही खरा वाटतो: गरीब देशाला आपला उद्योग उभारायला राज्यसंस्थेचा हात लागतो. त्याला मी एवढीच जोड देईन, की संरक्षणाचा प्रत्येक पैसा कुणाच्या तरी खिशातून जातो. तो बंगालच्या विणकराच्या ताटातून जातो, दक्षिणेच्या शेतमालकाच्या थैलीतून जातो, आणि ज्याच्याकडे खिसाच नाही त्या गुलामाच्या पाठीवरून जातो. राष्ट्राच्या भरभराटीचा हिशेब मांडताना ही खर्चाची बाजू कोरी ठेवता येत नाही. अमेरिकेने ती तशी ठेवली, आणि १८६१ मध्ये यादवी युद्धाच्या रूपाने ती वसूल झाली.