नाताळची सुट्टी, एक पडदा आणि सगळं घर

डिसेंबरचा शेवटचा आठवडा भायखळ्यात आला की रस्त्यावरच कळतो. ग्लोरिया चर्चवर रोषणाई होते, माझगावच्या माथारपाखाडीत घरांवर कागदी चांदण्या लटकतात, आणि क्लेअर रोडवर अमेरिकन एक्सप्रेस बेकरीत केकसाठी गर्दी होते. (पाटीवर त्या रस्त्याचं नाव मिर्झा गालिब मार्ग आहे, तोंडात मात्र अजून क्लेअर रोडच.) शेजारच्या आंटीकडून कुलकुल आणि नेवऱ्यांचं ताट येतं. वर्षानुवर्षांचा शेजार असेल तर रम घातलेला केक त्या आपणहून बाजूला ठेवतात, सांगावं लागत नाही. आपली बरीचशी मुलं मिशनच्या शाळांत शिकतात, त्यामुळे सुट्टी त्यांनाही असतेच.

सुट्टीत मुलं काय करतात, हे आपल्याला ठाऊक आहे. मोठा पोटमाळ्यावर फोन घेऊन, धाकटी पलंगाच्या कोपऱ्यात दुसरा फोन घेऊन, अब्बा तिसऱ्यावर बातम्या पाहत, आणि दादी सगळ्यांची तोंडं बघत बसलेली. दहा बाय पंधराच्या खोलीत माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसतात, पण प्रत्येक जण वेगळ्याच ठिकाणी असतो. नाताळच्या दिवसांत जगभर घरोघरी एकत्र बसून मन हलकं करणारे चित्रपट पाहायची पद्धत आहे. ती आपल्या घरात कशी आणता येईल, एवढ्यापुरताच हा लेख आहे. ज्या घरांत चित्रपट पाहतच नाहीत, त्यांच्याशी वाद नाही. त्यांचा निर्णय त्यांच्याकडे. पण जिथे मुलं एकेकटी, कानात इअरफोन घालून, कोणी न विचारता काहीही पाहत आहेत, तिथे ‘आमच्याकडे चित्रपट चालत नाहीत’ असं म्हणणं ही फक्त समजूत आहे.

एकत्र पाहणं आपल्याला नवं नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि रविवारच्या चित्रपटासाठी अख्खी चाळ एका खोलीत जमू लागली. पुढे आखातातून येणाऱ्या कोकणी घरच्या माणसांनी व्हीसीआर आणले. ज्यांच्याकडे नव्हता ते एका रात्रीसाठी भाड्याने आणत आणि पैसे वसूल व्हावेत म्हणून फजरपर्यंत तीन-तीन कॅसेट चालत. बेलासिस रोडवर अलेक्झांड्रा टॉकीज होतं. इंग्रजी चित्रपटांना तिथे अशी काही हिंदी नावं द्यायचे, की मूळ नाव ओळखूच यायचं नाही. आज त्याच इमारतीत दीनी शिक्षणाचं केंद्र चालतं.

एक गोष्ट आधीच स्पष्ट असलेली बरी. नाताळ आपला सण नाही, पण हजरत ईसा (अलैहिस्सलाम) आपलेही पैगंबर आहेत आणि बीबी मरियमच्या नावाने कुरआनात एकोणिसावी सूरत आहे. खजुराच्या झाडाखालचा तो प्रसंग अनेक मुलांना नीट सांगितलेलाच नसतो. शाळेत नाताळचं नाटक पाहून आलेली मुलगी घरी येऊन प्रश्न विचारते, तेव्हा ‘ते आपलं नाही’ म्हणून तिला गप्प करण्यापेक्षा दादीने किंवा नानीने तो किस्सा सांगितला तर मुलगी दोन्हीतला फरकही समजेल आणि शेजाऱ्यांचा मानही राखेल. झाड आणून सजवायचं की नाही, हा प्रश्न मग आपोआप लहान होतो.

आता चित्रपट. या दिवसांतला सगळ्यांत गाजलेला म्हणजे फ्रँक काप्रा यांचा ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’. २० डिसेंबर १९४६ रोजी तो न्यूयॉर्कमध्ये लागला आणि चालला नाही. १९७४ मध्ये त्याच्या स्वामित्वहक्काचं नूतनीकरण राहून गेलं. मग अमेरिकेतली टीव्ही केंद्रं तो डिसेंबरमध्ये पुन्हा पुन्हा दाखवू लागली, आणि पडलेला चित्रपट घराघरातला झाला. रंग नाहीत, लांबी दोन तासांच्या वर. मुलं पहिली दहा मिनिटं कुरकुरतील. तरी माझं मत विचाराल तर भायखळ्याच्या माणसाला हा चित्रपट अमेरिकन माणसापेक्षा जास्त कळावा.

कारण गोष्ट घरांची आहे. जॉर्ज बेली एका लहान गावात वडिलांची छोटी संस्था चालवतो. लोक तिथे पैसे ठेवतात आणि त्यातून एकेकाचं घर उभं राहतं. समोर आहे पॉटर, गावातली निम्मी मालमत्ता गिळलेला घरमालक. त्याच्या खुराड्यांत लोक भाडं भरत आयुष्य काढतात. पागडीच्या खोलीत तीन पिढ्या काढलेल्या, पुनर्विकासाच्या कागदांवर सही करावी की नाही म्हणून रात्र रात्र जागलेल्या घराला पॉटर कोण ते समजावून सांगावं लागत नाही. लोक घाबरून एकाच दिवशी ठेवी काढायला येतात, तेव्हा जॉर्ज स्वतःच्या लग्नानंतरच्या प्रवासासाठी ठेवलेले दोन हजार डॉलर काउंटरवर वाटतो. भिशी चालवणाऱ्या बायकांनी हा प्रसंग पाहावाच. एखादीने हप्ता बुडवला की गट कसा टिकवायचा, हे त्या रोज करत असतात. व्याजाचा प्रश्न आहेच. जॉर्जची संस्था व्याजावर कर्ज देते. ते लपवू नये. उलट मुलांना तिथेच बैतुलमाल आणि बिनव्याजी पतसंस्था यांच्याबद्दल सांगता येतं.

मग नाताळच्या आदल्या दिवशी काकांच्या हातून आठ हजार डॉलर हरवतात. ते पॉटरच्याच हाती लागतात आणि तो गप्प बसतो. जॉर्जला वाटतं, आपण जन्मलोच नसतो तर बरं झालं असतं; तो पुलावर जाऊन उभा राहतो. इथे रिमोट हातात असू द्या. घरात मनाने खचलेलं कोणी असेल, परीक्षेत नापास झालेला मुलगा असेल, कर्जात बुडालेले मामू असतील, तर हा प्रसंग त्यांच्या काळजाला लागेल. चित्रपट त्यांना सावरतो, पण कोणीतरी शेजारी बसलेलं हवं, आणि चित्रपट संपल्यावर दिवा लावून लगेच झोपायला जाऊ नये. अशा माणसाला ‘आत्महत्या हराम आहे’ एवढंच सांगून भागत नाही. त्याचं ऐकून घ्यावं लागतं, गरज असेल तर डॉक्टरकडे न्यावं लागतं.

चित्रपटातला फरिश्ता म्हणजे पूर्वी माणूस असलेला, पंख मिळवायची धडपड करणारा एक भोळा म्हातारा. आपल्या अकीद्यात फरिश्ते तसे नाहीत. ही अमेरिकन कल्पना आहे, एवढं एका वाक्यात सांगून पुढे जावं. दारूच्या गुत्त्याचा एक प्रसंगही आहे. मुलं जास्त अडतात ती दुसरीकडेच: पैसे चोरणाऱ्या पॉटरला शेवटपर्यंत शिक्षा होत नाही. ‘असं कसं?’ हा त्यांचा प्रश्न मोठ्यांनी घाईने मिटवू नये. त्यावर घरात अर्धा तास बोलणं झालं, तर हिशेबाच्या दिवसाबद्दल याहून चांगला धडा कुठे मिळणार?

‘होम अलोन’ (१९९०) मुलांना पाठ असतो, पण त्यांना आठवतात फक्त जिन्यावरून आपटणारे चोर. त्यातला शेजारचा म्हातारा कोणाच्या लक्षात राहत नाही. मुलाशी भांडण झालेलं, बोलणं बंद. नातीचं गाणं ऐकायला तो चुपचाप चर्चमध्ये मागे येऊन बसतो. एकटा राहिलेला लहानगा केविन त्याला सांगतो, फोन तर करून बघा. सिला-ए-रहमीवर बयान ऐकून जे काका-पुतणे एकमेकांच्या दारात गेले नाहीत, त्यांच्या घरात हा प्रसंग जरा आवाज वाढवून लावावा.

हिंदीवाल्यांनीही हाच आठवडा धरलेला आहे. ‘मुन्नाभाई एम.बी.बी.एस.’ १९ डिसेंबर २००३ ला आला, ‘तारे जमीन पर’ २१ डिसेंबर २००७ ला, ‘३ इडियट्स’ २५ डिसेंबर २००९ ला, ‘दंगल’ २३ डिसेंबर २०१६ ला. चौघांपैकी घरी पुन्हा पाहायचा एकच निवडायचा असेल तर मी ‘तारे जमीन पर’ म्हणेन, आणि तो मुलांपेक्षा अब्बांना दाखवावा.

काही घरगुती गोष्टी. इशाची नमाज आणि जेवण उरकून बसलं की मध्ये उठबस होत नाही. फोन सगळ्यांचे, मोठ्यांचेही, फळीवर. दादीला इंग्रजी येत नसेल आणि डबिंगही नसेल, तर एका नातवाने मराठीत सांगत राहावं. त्यात तो स्वतः जास्त लक्ष देऊन पाहतो. लांब चित्रपट दोन रात्रींत वाटला तर काही बिघडत नाही. आणि घरातला माणूस कुवेतला असेल तर त्यालाही सामील करून घ्या. तिथलं घड्याळ अडीच तास मागे आहे आणि जुमा त्याच्या सुट्टीचा दिवस. दोन्हीकडे एकाच वेळी चित्रपट सुरू करायचा आणि मध्येच फोनवर हसायचं.

हा आठवडा आपल्याला नेहमीच मोकळा मिळेल असंही नाही. १९९८, १९९९ आणि २००० असे सलग तीन नाताळ रमजानात आले होते. तेव्हा इफ्तार आणि तरावीह यांपुढे चित्रपटाला जागाच नव्हती. २०३१ च्या सुमारास तो योग पुन्हा येईल.

ज्यांना नाताळ, चर्च, फरिश्ते काहीच नको, पण सुट्टी घरात एकत्र घालवायची आहे, त्यांच्यासाठी माजिद मजीदी यांचा इराणी चित्रपट ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’ (१९९७) आहे. नाच नाही, मारामारी नाही. अलीच्या हातून बहीण जहराचे बूट हरवतात. घरात पैसे नाहीत, म्हणून अब्बांना न सांगता दोघं एकच जोडी वापरतात: सकाळी ती, दुपारी तो. शर्यतीत तिसरं बक्षीस बुटांचं असतं आणि अली चुकून पहिला येतो. सगळे त्याला खांद्यावर घेतात, तो मात्र रडतो. शेवटाकडे अब्बांच्या सायकलवर नव्या बुटांची जोडी क्षणभर दिसते, पण अलीला ते अजून ठाऊक नाही. घरातल्या लहानांच्या नजरेतून ती सुटली तर जरा मागे जाऊन दाखवा.