दादींची तसबीह आणि अंधारातले खेळ

लाइट गेली की आमच्या घरात एकच रडारड व्हायची. धाकटी साडेतीन वर्षांची. ती जिथे असेल तिथे खिळून उभी राहायची आणि कुणी मोबाइलची बॅटरी लावेपर्यंत पाऊल उचलायची नाही. थोरला सहा वर्षांचा. तो रडत नसे, पण मगरिबनंतर मोरीत एकटा कधी जायचा नाही. एका पावसाळी रात्री लाइट गेली ती बराच वेळ आलीच नाही. तेवढ्यात आतल्या खोलीतून त्यांच्या दादींचा आवाज आला, "बेटा, इकडे बघ. माझी तसबीह दिसते का तुला?"

ही तसबीह मुलांच्या फुफूने उमऱ्याहून आणलेली. दिवसा पाहिली तर पांढुरकी, साधी प्लॅस्टिकची. अंधारात मात्र तिचे मणी हिरवट चमकतात. अशी एखादी तसबीह आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी असेलच. धाकटीचे रडणे थांबले. ती त्या मण्यांच्या रोखाने चालू लागली आणि तेवढा सगळा अंधार ओलांडून एकटीच दादींच्या मांडीवर जाऊन बसली.

आम्हा दोघांना त्या रात्री जरा शरमल्यासारखेच झाले. कारण ही भीती मुले जन्मतःच घेऊन आली नव्हती. "झोप, नाहीतर बाऊ येईल," "गॅलरीत जाऊ नको, तिकडे जिन बसलाय," असे म्हणणारे आम्हीच. जेवण लवकर आटपावे, दंगा थांबावा म्हणून अंधाराला आम्ही घरातला फौजदार करून ठेवले होते. ते बोलणे आम्ही बंद केले. बंद केले म्हणून भीती लगेच गेली असे नाही. मग आठवड्यातून एका संध्याकाळी मगरिबनंतर अर्धा तास दिवे बंद करून खेळायचे, असे ठरले.

पहिला खेळ तसबीहचाच. दादी म्हणाल्या, "हिला उजेड खाऊ घालावा लागतो." शास्त्र तरी याहून वेगळे काय सांगते? या मण्यांत मिसळलेली पूड उजेड शोषून घेते आणि अंधारात तो हळूहळू परत देते. पूर्वी यासाठी झिंक सल्फाइड वापरत. १९९० च्या दशकात जपानमध्ये स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटची नवी पूड निघाली, ती कितीतरी जास्त वेळ चमकते. गंमत अशी की या पुडीला सगळाच उजेड चालत नाही. निळा-पांढरा उजेड तिला मानवतो, लाल मानवत नाही. टॉर्चवर लाल जिलेटीन कागदाचे दोन-तीन थर बांधून उजेड पाडा, मणी जवळजवळ उपाशीच राहतात. कागद काढून पाडा, लगेच चमकतात. थोरल्याने हे इतक्या वेळा करून पाहिले की टॉर्चचे सेल संपले.

अशाच चमकणाऱ्या कागदाचा तक्ता स्टेशनरीच्या दुकानात मिळतो. खोली अंधारी करून त्यावर मुलाने पंजा टेकवायचा, आपण वरून क्षणभर टॉर्च मारायची, मग पंजा उचलायचा. तक्ता चमकतो आणि मधोमध काळा पंजा तसाच उरतो. हात बाजूला झाला तरी सावली जागेवर! धाकटीने आधी स्वतःचा हात नीट तपासून पाहिला, तो आहे ना म्हणून. नंतर चमचा, कंगवा, अब्बूंची टोपी, दादींचा चष्मा, सगळ्यांच्या सावल्या काढून झाल्या.

या सगळ्याला आपण सरसकट "रेडियम" म्हणतो. गाडीच्या नंबरप्लेटवरची पट्टीही रेडियम आणि छतावरचे तारेही रेडियम. खरे तर पट्टी स्वतः चमकतच नाही, समोरच्या गाडीचा उजेड फक्त परत पाठवते. आणि रेडियम यातल्या कशातच नाही. हे नाव आले ते जुन्या घड्याळांवरून. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत न्यू जर्सीच्या ऑरेंज गावात तरुण मुली घड्याळाच्या तबकड्यांवर खऱ्या रेडियमचा रंग भरत आणि ब्रशला टोक यावे म्हणून तो ओठांत धरत. तसे करायला त्यांना शिकवलेले होते. जबड्याची हाडे सडून त्यातल्या कित्येक जणी गेल्या. पाच जणींनी १९२७ मध्ये कंपनीवर दावा लावला, १९२८ मध्ये तडजोड झाली. मुलांना ही हकीकत आम्ही अजून सांगितलेली नाही. पण आपल्या पणजोबांचे चमकणारे जुने घड्याळ कपाटात असेल तर ते उघडू नका आणि मुलांच्या हाती देऊ नका. आजचे तारे आणि मणी तसे धोक्याचे नाहीत. फक्त सुटी पूड घरात आणू नये, ती उडून नाकातोंडात जाते.

लहानग्यांना बघण्याइतकेच चाचपायलाही हवे असते. जुने गहू परातीत घेऊन त्यात चमकणारे मोठे तारे लपवायचे. मोठे म्हणजे तोंडात मावणार नाहीत असे. अंधारात हात खुपसून शोधताना गव्हाची सळसळ, थंडगार स्पर्श आणि मधूनच फाकणारा हिरवा उजेड, यात धाकटीचा अर्धा तास जातो. गहू वाया जाऊ नयेत म्हणून दादींनी त्यांचा एक डबाच वेगळा काढला आहे.

नोटा तपासायची जांभळी टॉर्च मिळते, तिचे खेळ आणखी वेगळे. थोडी हळद गोडेतेलात कालवून झिपच्या पिशवीत पक्की बंद करायची आणि मुलांना ती दाबू-चेपू द्यायची. जांभळ्या उजेडात ते तेल पिवळे-हिरवे उजळते. तपकिरी कवचाचे अंडे लालसर दिसते. धुतलेला पांढरा सदरा निळा चमकतो, कारण कपडे धुण्याच्या पावडरीतच तसा पदार्थ असतो. आणि ईदीची नोट! तिचा नंबर उजळतो, कागदातले बारीक धागे दिसू लागतात. थोरल्याने आपली सगळी ईदी तपासून घेतली. एकच नियम, ही टॉर्च मोठ्यांच्याच हातात हवी आणि कुणाच्याही डोळ्यांवर मारायची नाही.

आमचा स्वतःचा आवडता खेळ खडीसाखरेचा. त्याला ना तारे लागतात ना टॉर्च, लागतो तो फक्त मिट्ट अंधार आणि धीर. डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात. या खेळाला दहा-पंधरा पुरतात, पण मधेच मोबाइल उघडला की पुन्हा पहिल्यापासून. तेवढा वेळ दादी गोष्ट सांगतात. मग जाड खडीसाखरेचा खडा पारदर्शक पिशवीत घालून मोठ्याने पकडीने फोडायचा. फुटताना निळसर ठिणगी चमकते. खडा तुटताना वीज निर्माण होते आणि आकाशातल्या विजेप्रमाणेच हवेतला नायट्रोजन उजळतो. इंग्लंडच्या फ्रान्सिस बेकन यांनी १६२० मध्येच हे नोंदवून ठेवले आहे. पहिल्यांदा हे केले तेव्हा मुले बराच वेळ अंधारात बसून राहिली आणि कुणीही "लाइट लावा" म्हणाले नाही.

आता एक चुकीची गोष्ट, तीही आमचीच. उरुसातून आम्ही एक लुकलुकणारा चेंडू आणला. चौथ्या दिवशी तो फुटला आणि धाकटीच्या मुठीत बटणासारखा गोल सेल सापडला. तोंडाकडे जायच्या बेतात होता. दादींनी तो हिसकावून घेतला. असा सेल अन्ननलिकेत अडकला तर त्यातल्या विजेच्या प्रवाहाने आतली त्वचा भाजते, आणि दोन तासांतही गंभीर इजा होऊ शकते. मुलाने गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट पाहू नये, उलटी काढायला लावू नये, क्ष-किरणाची सोय असलेल्या दवाखान्यात तडक जावे. ज्या खेळण्याचे सेलचे झाकण स्क्रूने बंद होत नाही, ते आमच्या घरात आता येत नाही.

वाकवली की चमकणारी काडी लग्नाच्या वरातीत आणि जत्रेत मिळते, तिचेही तसेच. तिच्या आत काचेची बारीक नळी असते. वाकवल्यावर ती फुटते, दोन द्रव मिसळतात आणि उजेड पडतो. काडी कापून आतला द्रव बाटलीत ओतायचे प्रयोग मोबाइलवर दिसतात, ते मुळीच करू नयेत. तो डोळ्यांत, तोंडात झोंबतो आणि सोबत काचेचे कण असतात. त्यापेक्षा दोन काड्या घ्या. एक बर्फाच्या पाण्यात ठेवा, एक कोमट पाण्यात. कोमट पाण्यातली जास्त उजळते, पण लवकर विझते. गारठलेली मंद जळत राहते. थोरल्याने सकाळी फज्रला उठून पाहिले, बर्फातली अजून किंचित जिवंत होती.

मेअखेरीस मुलांना घेऊन भंडारदऱ्याकडे जायचे ठरते आहे. पावसाच्या तोंडावर तिथल्या झाडांवर काजवे लागतात. तिकडे टॉर्च मारायची नाही, कारण काजव्यांना एकमेकांचे इशारे दिसत नाहीत. हे धाकटीने आत्ताच सर्वांना बजावून ठेवले आहे.

थोरला मात्र अजूनही मोरीत एकटा जायला कुरकुरतो. दादींनी मोरीच्या कडीवर आणि बटणाशेजारी चमकणारी पट्टी चिकटवली आहे. आता तो जातो, पण दार उघडे ठेवतो आणि आतून मोठमोठ्याने पाढे म्हणत राहतो.