तिथी सांगते भरतीची वेळ



काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुटीत आम्ही घरची सात माणसे अलिबागला समुद्रकाठच्या एका वाडीत चार दिवस राहिलो होतो. कौलारू घर, ओटीवर झोपाळा, मागे नारळी-पोफळी आणि पुढे सुरूच्या झाडांपलीकडे समुद्र. चार दिवस कोणी काही करायचे नाही, असा घरात ठरावच झाला होता. अलिबागला चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याचे हे काम १९०४ पासून येथे आणले गेले. ती बाहेरून तरी पाहावी असा माझा बेत होता. पण तोही या ठरावात बसेना.

कुलाबा किल्ला मात्र सर्वांनाच पाहायचा होता. हा किल्ला समुद्रात, किनाऱ्यापासून किलोमीटर-दीड किलोमीटरवर आहे. भरतीच्या वेळी त्याला चोहोबाजूंनी पाणी असते. चांगली ओहोटी लागली की चालत जाता येते. केव्हा निघावे, असे घराची देखभाल करणाऱ्या कोळी आजींना विचारले. त्या म्हणाल्या, "आज तेरस. दहाची भरती, चारची सुकती. जा खुशाल, पण मास्तर, पाचाच्या आत परतीला लागा." सुकती म्हणजे ओहोटी.

आजींजवळ घड्याळ नव्हते, छापील कोष्टकही नव्हते. मग ही वेळ आली कोठून? त्यांनी सांगितलेला हिशेब कोकणात पुष्कळांना ठाऊक असतो. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, की भरतीची वेळ मिळते. त्रयोदशी म्हणजे १३. त्याची पाऊणपट पावणेदहा. म्हणून सकाळी पावणेदहाच्या सुमारास भरती आणि रात्री पुन्हा दहाच्या सुमारास. दोन भरतींच्या मध्ये, म्हणजे सव्वासहा तासांनी, ओहोटी. शुद्ध पक्ष असो वा वद्य, हिशेब तोच.

हा 'पाऊण' कोठून येतो हे शालेय गणिताने काढता येते. चंद्र आणि सूर्य यांच्यामधील कोन १२ अंशांनी वाढला की एक तिथी संपते. ३० तिथींत ३६० अंश पुरे होतात. आता पृथ्वी स्वतःभोवती २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश. तेव्हा १२ अंश फिरायला तिला ४८ मिनिटे लागतात. याचाच अर्थ, चंद्र डोक्यावर येण्याची वेळ दर तिथीला ४८ मिनिटांनी पुढे सरकते, आणि भरती मुख्यतः चंद्रामुळे होत असल्याने तीही तितकीच पुढे सरकते. ४८ मिनिटे म्हणजे तासाचे चार पंचमांश. तोंडी हिशेबाला चार पंचमांश अवघड. पाऊणकी मात्र जुन्या माणसांना पाठ असे. तीन मिनिटांची सूट घेऊन त्यांनी पाऊणपट केली.

अर्थात ही सूट साचत जाते. अमावास्येला शून्य धरले तर भरती बाराला येते. पंधरा धरले तर सव्वाअकराला. शिवाय चंद्राची गती रोज सारखी नसते आणि सूर्याच्या ओढीमुळेही भरतीची वेळ थोडी मागेपुढे होते. म्हणून या हिशेबात तासाभराची चूक गृहीत धरावी. नेमकी वेळ हवी असेल तर भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टके पाहावीत. आणखी एक गोष्ट : अमावास्येला दुपारी बाराच्या सुमारास चंद्र-सूर्य डोक्यावर असतात व भरतीही तेव्हाच येते, हा मुंबई-अलिबागच्या किनाऱ्यापुरता योग आहे. समुद्राची खोली आणि किनाऱ्याची ठेवण यांमुळे प्रत्येक बंदरात भरतीला कमीजास्त उशीर होतो. पूर्व किनाऱ्यावर आजींचा हिशेब लावू नये.

आता सूर्याचे. त्याचे वस्तुमान चंद्राच्या सुमारे २ कोटी ७० लाख पट आहे, आणि अंतर सुमारे ३९० पट. न्यूटनच्या नियमाप्रमाणे पृथ्वीवरील त्याची ओढ चंद्राच्या ओढीच्या सुमारे १८० पट भरते. मग भरतीत चंद्राचाच वरचष्मा का? कारण भरती ओढीमुळे होत नाही. पृथ्वीच्या जवळच्या आणि दूरच्या बाजूंवरील ओढींत जो फरक पडतो, त्यामुळे होते. हा फरक अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो. ३९० चा घन करून २ कोटी ७० लाखांना भागून पाहा. सूर्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहूनही थोडा कमी येतो.

अमावास्या-पौर्णिमेला हे दोन वाटे एकमेकांत मिळतात व उधाणाची भरती येते. अष्टमीच्या सुमारास ते एकमेकांविरुद्ध जातात. ती भांगाची भरती. यातून अलिबागला एक गंमत होते. उधाणाच्या दिवसांत भरती बाराच्या आसपास, म्हणून सर्वांत खोल ओहोटी नेहमी सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास पडते. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी दुपारी बाराला. पण ती भांगाची. त्या दिवशी पाणी फारसे उतरत नाही. भर दुपारी खोल ओहोटी येथे मिळायचीच नाही.

आम्ही साडेतीनला निघालो, चारच्या आधी किल्ल्यात पोहोचलो. आतील गोड्या पाण्याचे तळे पाहिले, तटावर बसलो. पाच वाजले. समुद्र शांत होता आणि पाणी तासाभरात जेमतेम चढलेले दिसत होते. मी भौतिकशास्त्राचा प्राध्यापक. सूर्यास्त पाहूनच निघू, असा निर्णय मीच दिला.

चूक कोठे होती? ओटीवरचा झोपाळा आठवा. दोन्ही टोकांना तो क्षणभर थांबल्यासारखा वाटतो आणि मधोमध सर्वांत वेगाने जातो. भरतीचे पाणीही तसेच चढते. दर्यावर्दी लोक यासाठी बाराव्या हिश्शाचा नियम वापरतात. ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या सहा तासांत पाणी अनुक्रमे १, २, ३, ३, २, १ असे बारावे हिस्से चढते. आपल्या या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत एकूण चढ साधारण ३.६ मीटर धरला, तर पहिल्या तासात ३० सेंटिमीटर, दुसऱ्या तासात ६० आणि तिसऱ्या तासात ९० सेंटिमीटर. पहिल्या तासाच्या वेगावरून मी पुढचा अंदाज बांधला होता, आणि निघालो सहाला, नेमका तिसरा तास सुरू होताना.

वाटेवर पाणी गुडघ्याइतके, म्हणजे ४५ सेंटिमीटरच्या आसपास होते. तिसऱ्या तासात ते मिनिटाला दीड सेंटिमीटर चढते. पाण्यातून चालताना वेगही मंदावतो. अर्ध्या तासात आणखी ४५ सेंटिमीटर! मोठ्यांच्या कमरेला पाणी लागले, तेव्हा माझ्या अकरा वर्षांच्या भाच्याच्या ते छातीला आले होते. अंधारही पडू लागला. त्याला खांद्यावर घेतले, हातात हात धरले आणि सगळे पलीकडे पोहोचलो. दोघांच्या चपला गेल्या. आजी कंदील घेऊन वाळूवर उभ्या होत्या. त्या रात्री जेवताना माझ्याशी कोणी फारसे बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी भाच्याने वाळूत काठ्या रोवल्या. तुम्हीही मोठ्या माणसांच्या सोबतीने हा प्रयोग करा. ओहोटीच्या वेळेपासून दर अर्ध्या तासाला लाटा जेथवर पोहोचतात तेथे एक काठी रोवावी, पहिल्या काठीपासूनचे अंतर पावलांनी मोजावे आणि वेळ व अंतर यांचा आलेख काढावा. उतार ५० मीटरला १ मीटर असेल, तर ९० सेंटिमीटर चढलेले पाणी ४५ मीटर आत येते. किनाऱ्याचा उतार सर्वत्र सारखा नसल्याने आलेख थोडा वेडावाकडा येईल. तरी मधल्या दोन तासांतील चढण स्पष्ट दिसेल.

शिक्षकांनी वर्गात हे उदाहरण घालावे : शाळेची सहल वद्य नवमीला अलिबागला जायची आहे. ओहोटी किती वाजता? किल्ल्याकडे चालत जाण्याजोगे पाणी त्या दिवशी उतरेल का? वेळ काढणे सोपे आहे. गुण दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराला द्यावेत.