बारावीच्या वर्गात कायदा : चिचगडच्या मुलांनी का शिकावा?



गोंदिया जिल्ह्याच्या देवरी तालुक्यातील चिचगड हे जंगलपट्ट्यातील गाव. या परिसरातील आदिवासी कुटुंबांचा संसार भातशेती, मोहफुले आणि तेंदूपत्ता यांवर उभा आहे. अशा घरात वनजमिनीच्या दाव्यासंबंधी सरकारी पत्र येते, तेव्हा ते वाचणारा मुलगा किंवा मुलगी आज घरात असते. अक्षरे वाचता येतात; अर्थ मात्र लागत नाही. दावा नामंजूर झाला, एवढेच कळते आणि पत्र पेटीत ठेवले जाते.

वस्तुतः २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार उपविभागीय समितीच्या निर्णयाविरुद्ध ६० दिवसांच्या आत जिल्हास्तरीय समितीकडे दाद मागता येते. गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदविलेले निवेदन हाही नियमांनी मान्य केलेला एक पुरावा आहे. पत्र पेटीत पडून राहिले की हे ६० दिवस निघून जातात. म्हणूनच कायदा हा विषय शालेय वयातच शिकावा, असे आम्हांस वाटते.

हा विषय जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात नसला तरी मार्ग बंद होत नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजेच एनआयओएस, १९८९ साली स्थापन झाली. तिच्या बारावीच्या अभ्यासक्रमात ‘कायद्याचा परिचय’ हा स्वतंत्र विषय असून त्याचा क्रमांक ३३८ आहे. दहावी उत्तीर्ण व किमान १५ वर्षे वयाच्या कोणासही ऑनलाइन नोंदणी करता येते. नोंदणी पाच वर्षे टिकते आणि त्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. प्रमाणपत्रासाठी एका भाषेसह पाच विषय उत्तीर्ण व्हावे लागतात. पाठ्यसाहित्य संस्थेच्या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहे.

या विषयात कायदा म्हणजे काय, त्याचे दिवाणी व फौजदारी असे प्रकार कोणते, न्यायालयांची रचना कशी असते आणि संविधानाने कोणते हक्क दिले आहेत, याची ओळख होते. अटक झालेल्या व्यक्तीस प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे, असे संविधानाचा अनुच्छेद २२ सांगतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य कायदेशीर साहाय्य मिळते. १५१०० या दूरध्वनी क्रमांकावर त्याची चौकशी करता येते.

अभ्यासाने आणखी एक सवय लागते, ती म्हणजे ऐकीव माहिती पडताळून पाहण्याची. शेजारच्या गडचिरोलीतील ग्रामसभांना पेसा कायद्याने मिळालेले अधिकार आपल्यालाही आहेत, असे कोणी म्हणेल. परंतु १९९६ चा तो कायदा केवळ अनुसूचित क्षेत्रांना लागू आहे आणि गोंदिया जिल्हा त्या क्षेत्रात येत नाही. वनहक्क कायद्याला मात्र ही मर्यादा नाही. त्याच कायद्याच्या आधारे गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाने २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळविला. चिचगडच्या विद्यार्थ्याला हा भेद समजला, तर ग्रामसभेत तो योग्य कायद्याचे नाव घेईल.

तथापि काही अडचणी आरंभीच सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. पुस्तके हिंदी व इंग्रजीत आहेत. हिंदीतील ‘गिरफ्तारी’ म्हणजे आपली अटक, ‘जमानत’ म्हणजे जामीन, ‘गवाह’ म्हणजे साक्षीदार, अशी टिपणवही मुलांनी पहिल्या दिवसापासून ठेवावी. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आहे. जुन्या पुस्तकांतील कलमांचे क्रमांक त्यामुळे तपासून घ्यावेत. हा अभ्यासक्रम पूर्ण केल्याने कोणी वकील होत नाही. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार दूरशिक्षणाने बारावी झालेल्या विद्यार्थ्यास पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमासाठी पात्र मानले जाते; मात्र पुढील शिक्षण महाविद्यालयात नियमित उपस्थित राहूनच घ्यावे लागते.

शेवटी, एकट्याने पडद्यासमोर बसून हा विषय पचत नाही. चार-पाच मुलांनी आठवड्यातून एकदा एकत्र यावे आणि एखाद्या शिक्षकाने वा निवृत्त कर्मचाऱ्याने त्यांच्यासोबत तासभर बसावे. धर्मग्रामाचे सभागृह बहुधा आठवडाभर रिकामेच असते. ते या कामासाठी, गावातील सर्व समाजांच्या मुलांना, उघडून द्यावे. प्रत्येकाने घरातील एक जुना सरकारी कागद आणावा. तो कोणी पाठविला, कोणत्या कायद्याखाली पाठविला आणि उत्तर देण्याची मुदत किती, हे तीन प्रश्न सर्वांनी मिळून सोडवावेत. तेवढे जमले, तर पुढचे पत्र न वाचता पेटीत जाणार नाही.